मंगळवार-शुक्रवारचा अलार्म

दीपमाला लांजेवारला पुण्यात येऊन सोळा वर्षं झाली, तरी चिडली की तिच्या तोंडून ‘का’ऐवजी ‘काहून’ बाहेर पडतं. एरवी ती पुण्यातल्या चारचौघांसारखं बोलते. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीजवळचं एक गाव. साकोलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती बसली तेव्हा वर्गात दोनच मुली होत्या. दुसरीनं सहा महिन्यांत नाव काढून शिवणकामाच्या वर्गात घातलं. दीपमाला राहिली. का राहिलीस, असं पुढं कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, "वायर कुठून येते अन् कुठं जाते, ते शोधायला बरं वाटायचं."

लग्नानंतर ती संतोषबरोबर इकडं आली. संतोष कात्रजला डेअरीत, दूध थंड ठेवणाऱ्या यंत्रांवर कामाला. पहिली दोन वर्षं दीपमाला घरीच होती. मग स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा कंपनीची जाहिरात तिनं पेपरात पाहिली आणि प्रमाणपत्रं घेऊन सरळ जाऊन उभी राहिली. मालक उत्तरेश्वर शेटे. त्यांनी प्रमाणपत्रांची चळत न उघडताच विचारलं, "पाणी भरता येईल ना?"

दीपमालाला वाटलं, ऑफिसातलं पिण्याचं पाणी. तिचा चेहरा पडलेला शेट्यांना दिसला असावा. "सेलमध्ये हो," ते म्हणाले. "डिस्टिल्ड वॉटर. आमची पोरं निम्मं बाहेर सांडतात."

कंपनीचं काम असं की, वीज गेली तरी ज्यांना बंद पडून चालत नाही अशा ठिकाणच्या बॅटऱ्या सांभाळायच्या. टेलिफोन एक्स्चेंज, विजेची उपकेंद्रं, असल्या जागा. तिथं एका खोलीत लाकडी घोड्यांवर रांगेनं सेल मांडलेले असतात आणि शेजारी एक चार्जर चोवीस तास त्यांना भरलेलं ठेवतो. वीज असते तोवर त्या खोलीकडं कुणी ढुंकून बघत नाही. वीज गेली की मात्र सगळा भार त्या सेलांवर येतो, आणि तेव्हा त्यांत दम नसेल तर करण्यासारखं काही उरत नाही.

दीपमालानं एक वर्ष नुसतं पाणी भरलं. थेंबही न सांडता भरलं. मग कासिमभाई तांबोळींनी तिला आपल्याबरोबर घेतलं. कासिमभाई कंपनीतले सगळ्यांत जुने. घोरपडे पेठेत त्यांच्या वडिलांचा भांड्यांना कल्हई करण्याचा धंदा होता. ते स्वतः धातूकडून विजेकडं वळले. बोलायला कमी आणि तिरकस. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात मीटर दिला आणि म्हणाले, "आपण आयटीआय झालात म्हणे. मग या चोपन्न सेलांतला कोणता आजारी आहे, सांगा. मी चहा घेऊन येतो." ते परत आले तेव्हा दीपमाला एकोणिसाव्या सेलपुढं उभी होती. "हा," ती म्हणाली. कासिमभाईंनी मीटर लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते चहा दोघांचा आणू लागले.

अलार्म आला की काय करायचं, हे तिला कासिमभाईंनी शिकवलं. अलार्म बंद करायचं बटण कुठलं, हे सगळ्यात शेवटी शिकवलं. आधी विचारायचं तो कधीपासून आहे, मग विचारायचं येतो-जातो की कायम आहे, मग हातानं मोजायचं. पॅनेलवरचा दिवा काय म्हणतो यावर विसंबायचं नाही. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा जिवंत दिसते, कारण मीटरला दिसतो तो चार्जरचाच जोर. असं सगळं ते जाता-जाता सांगायचे, बसमध्ये, जिना चढताना.

तिसऱ्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली.

शहरातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजची महिन्याची फेरी होती. कासिमभाई रजेवर, म्हणून ती एकटी गेली. तिथल्या चार्जरमध्ये चार भाग होते आणि त्यांतल्या एकाचा लाल दिवा लागलेला होता. ड्यूटीवरच्या माणसाला तिनं दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, तो महिनाभर तसाच आहे. तिघांवर भागतंय. तुम्ही पाणी बघा." तिनं सगळे चोवीस सेल मोजले. प्रत्येक सेलवर सव्वादोन व्होल्ट हवे होते, ते दोनच्या जरा वर भरत होते. तिनं आकडे जसेच्या तसे रजिस्टरात लिहिले आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सर्व ठीक’. लिहिताना तिच्या मनात काही तरी आलं होतं. पण तो माणूस वीस वर्षं तिथं काम करत होता आणि ती तीन वर्षांची.

मे महिना होता. रोज थोडा थोडा वेळ वीज जात होती. प्रत्येक वेळी सेल थोडे रिते व्हायचे, आणि चार्जरच्या तीनच भागांत एक्स्चेंज चालवून वर सेल भरण्याइतकी ताकद नव्हती. तिच्या फेरीनंतर पाचव्या दिवशी दुपारी दीड तास वीज गेली. सहा तास टिकायला हवी ती बॅटरी अकरा मिनिटांत बसली. त्या भागातले सगळे फोन मुके झाले. त्यांतला एक प्रसूतिगृहाचा होता. डॉक्टरांचा मोबाइल बंद होता आणि घरचा फोन त्याच एक्स्चेंजचा, म्हणून तिथल्या नर्सबाईंना त्यांना बोलवायला स्कूटर काढून घरी जावं लागलं. बाळंतीण आणि मूल दोघंही सुखरूप राहिली. पण ही हकिकत दुसऱ्या दिवशी शेट्यांच्या टेबलावर नोटिशीच्या रूपात येऊन पडली.

कासिमभाई रजेवरून आले. त्यांनी रजिस्टर मागवून घेतलं, पान उघडलं आणि दीपमालासमोर ठेवलं.

"हे आकडे आपलेच ना?"

"होय जी."

"नीट मोजलेत?"

"दोनदा मोजले."

"आणि ही खालची ओळ?"

"तीबी माझीच."

"मग दोन्हींपैकी एक खोटं आहे," कासिमभाई म्हणाले. "आकडे तर खरे दिसतात."

ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. दीपमालाला ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्या दिवशी ती स्वारगेटवरून कात्रजची बस न पकडता चालत निघाली आणि पद्मावतीपर्यंत गेल्यावर पाय दुखायला लागले तेव्हा बसमध्ये बसली. घरी संतोषला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली, "माहीत होतं. आकडे मीच लिहिले ना. काहून लिहिलं मग तसं?"

तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात तिनं ‘ठीक’ हा शब्द लिहिलेला नाही. काय मोजलं, काय दिसलं, काय दिसलं नाही, एवढंच ती लिहिते. काही गिऱ्हाइकं वैतागतात. त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं.

कासिमभाई निवृत्त झाले. दीपमाला हळूहळू कंपनीतली दोष शोधणारी बाई झाली. जिथं दोन-तीन जणांनी हात टेकले असतील तिथं शेटे तिला धाडायचे. गेल्या जानेवारीत तिला असंच वाघोलीच्या पुढं एका खाजगी औद्योगिक वसाहतीच्या उपकेंद्रावर पाठवलं.

उपकेंद्र म्हणजे बाहेरून येणारी मोठ्या दाबाची वीज उतरवून वसाहतीतल्या साठेक कारखान्यांना वाटून देणारी जागा. कुंपणाच्या आत खडी टाकलेल्या अंगणात ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर, शेजारी एक बैठी इमारत, इमारतीत पॅनेलं आणि मागं बॅटरीची खोली. एकशे दहा व्होल्टची बॅटरी, पंचावन्न सेल. त्या बॅटरीवर दिवे लागत नाहीत, ब्रेकर चालतात. लाइनमध्ये कुठं बिघाड झाला तर ब्रेकरनं क्षणात उघडून वीज तोडायची असते, आणि त्याला ते बळ बॅटरी देते.

तिथला इंजिनिअर दिग्विजय जगदाळे, पस्तिशीतला. त्यानं खुर्चीतून न उठताच विचारलं, "तुमच्या आधी दोघं येऊन गेले. एकानं चार्जर बदला सांगितलं, दुसऱ्यानं बॅटरी. आता तुम्ही काय बदलायला सांगणार? इमारत?"

"आधी बघते तरी," दीपमाला म्हणाली. "अलार्म कुठला येतो?"

"डीसी अर्थ फॉल्ट. येतो, तासन्‌तास वाजतो आणि आपोआप जातो."

त्याचा भोंगा कुठं दिसेना म्हणून तिनं पॅनेलच्या मागं वाकून पाहिलं. भोंग्याच्या तोंडात कुणी तरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. तिनं तो काढून दिग्विजयच्या टेबलावर ठेवला.

"ऑपरेटर लोकांचं डोकं उठतं," तो म्हणाला.

डीसी अर्थ फॉल्टचा अर्थ सरळ होता. बॅटरीच्या दोन वायरी, एक अधिक आणि एक उणे. दोन्ही जमिनीपासून अलग राहायला हव्यात. त्यांतली एक कुठं तरी जमिनीला टेकली की अलार्म येतो. एक टेकली तर लगेच काही होत नाही, सगळं चालूच राहतं, म्हणून लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण त्यानंतर दुसरी एखादी वायर दुसरीकडं टेकली, तर वीज जमिनीतून वाट काढते आणि ब्रेकर कारण नसताना उघडू शकतो. किंवा फ्यूज उडून, उघडायला हवा तेव्हा उघडत नाही. हे दुसरं जास्त वाईट.

तिनं मीटर लावला. चार्जर चालू असल्यामुळं बॅटरीवर एकशे वीस व्होल्ट होते; अधिक ते जमीन साठ, उणे ते जमीन साठ. दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे त्या क्षणी दोष नव्हताच.

"तुम्हाला घाबरून पळाला वाटतं," दिग्विजय म्हणाला.

दीपमालानं अलार्म केव्हा केव्हा आला ते विचारलं. लॉगबुकात ‘अलार्म आला, रिसेट केला’ असं पानोपानी होतं, वेळ कुठंच नव्हती. पण अलार्म देणाऱ्या रिलेच्या आतच गेल्या दोनशे नोंदी साठवलेल्या असतात. तिनं बटणं दाबत एकेक नोंद पडद्यावर आणली आणि आपल्या वहीत उतरवली. त्यात तिचा दीड तास गेला. दिग्विजय मधून मधून डोकावून जात होता.

नोव्हेंबरपासूनच्या नोंदींत एक गोष्ट लगेच दिसली. अलार्म सकाळी साडेनऊ-दहाला यायचा, दुपारी एक-दोनपर्यंत जायचा. आणि ते वार होते मंगळवार आणि शुक्रवार. एखादा चुकला असेल, बाकी सगळे तेच.

"मंगळवारी-शुक्रवारी इथं काय असतं?" तिनं विचारलं.

"मंगळवारी मीटिंग असते," दिग्विजय म्हणाला. "शुक्रवारी काही नसतं. विजेला वार कळतो का हो?"

त्या दिवशी बुधवार होता. तिनं अहवालात लिहिलं, ‘तपासणीच्या वेळी दोष नव्हता. कारण सापडलेलं नाही. शुक्रवारी सकाळी पुन्हा येणार.’ दिग्विजयला सही करायची होती आणि तक्रार मिटवायची होती. ‘तपासलं, ठीक आहे’ असं लिहा म्हणून त्यानं तिला दोनदा सांगितलं. ती नाही म्हणाली.

शुक्रवारी ती कात्रजहून दोन बस बदलून नऊच्या आत हजर झाली. पावणेदहाला भोंगा वाजला. बोळा काढल्यापासून त्याचा आवाज खरोखरच डोकं उठवणारा होता. मीटरवर अधिक ते जमीन तीन, उणे ते जमीन एकशे सतरा. अधिकची वायर कुठं तरी जवळजवळ पुरती जमिनीला टेकली होती.

बॅटरीतून दहा शाखा निघत होत्या. एकेक शाखा क्षणभर बंद करायची आणि मीटरकडं बघायचं, हा जुना मार्ग. पण शाखा बंद केली की तेवढा वेळ त्या ब्रेकरचं संरक्षण जातं. दिग्विजय तयार होईना, आणि त्याचं बरोबर होतं. दीपमालानंही घाई केली नाही. त्यानं वरच्या ऑफिसची फोनवरून परवानगी घेतली, मोठी मशिनं ज्या कारखान्यांत होती त्यांना सांगून ठेवलं आणि स्वतः स्विचपाशी उभा राहिला. "पाच आकडे मोजायचे आणि लावायचा. सहावा नाही."

पहिली शाखा. मीटर हलला नाही. दुसरी, तिसरी, नाही. सहावीपर्यंत काही नाही. सातवी बंद करताच काटा सरकून साठवर येऊन थांबला.

"हीच," दीपमाला म्हणाली. दिग्विजयनं चौथ्या आकड्यालाच स्विच परत लावला. त्याच्या कपाळावर घाम होता.

सातवी शाखा इमारतीबाहेर जात होती. भिंतीवरच्या एका लोखंडी डब्यात तिच्या वायरी जोडल्या होत्या आणि तिथून त्या अंगणातल्या ब्रेकरकडं जात होत्या. दोघं इमारतीला वळसा घालून मागं गेले. भिंतीलगत कुंपणाबाहेर रोपांची लांब रांग होती. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला वसाहतीला कसलं तरी हरित पारितोषिक मिळवायचं होतं, तेव्हा लावलेली. पन्नाशीची एक बाई पाइप घेऊन रोपांना पाणी घालत होती. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून तिनं लांबपर्यंत फवारा नेला होता, आणि शेवटच्या चार रोपांवरचा फवारा भिंतीवरच्या त्या डब्याला न्हाऊ घालत होता.

दीपमाला बघत उभी राहिली. मग तिनं विचारलं, "मावशी, पाणी रोज घालता का?"

बाईचं नाव मुक्ताई. जवळच्या गावातली, वसाहतीच्या झाडलोटीवर होती. साहेबाला बघून तिनं घाईनं पाइप खाली टाकला. "न्हाई वो ताई. रोज पानी हाय कुठं? ट्यांकर येतो मंगळवारी आन् शुक्कीरवारी. तवाच घालते. का, काय झालं? म्या कशाला हात न्हाई लावला."

"काही नाही झालं," दीपमाला म्हणाली. "घाला तुम्ही. फक्त ही चार रोपं राहू द्या थोडा वेळ."

दिग्विजयनं कपाळावर हात मारला. "म्हणजे तीन महिने आम्ही चार्जर, बॅटरी करतोय आणि हिचा पाइप! सोमवारपासून दुसरी बाई लावतो."

"बाई बदलून काय होणार, साहेब? डबा उघडू या."

सातवी शाखा रीतसर बंद करून, ब्रेकर बाजूला घेऊन त्यांनी डबा उघडला. दाराची रबरी पट्टी कुजून गळून पडली होती. वरच्या बाजूनं केबल आत येत होती त्या भोकाला घट्ट बसणारं पॅकिंग हवं, तिथं नुसतं भोक होतं आणि त्यात चिंधी कोंबलेली. आत एका जोडावर हिरवं बुरशीसारखं किटण चढलं होतं आणि त्यावरून पाण्याची धार डब्याच्या लोखंडापर्यंत ओघळली होती. दीपमालानं टॉर्च लावून आणखी खाली पाहिलं. त्या जोडापासून दोन बोटांवर दुसरी एक वायर होती. तिचं आवरण तडकलेलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं.

"ही कुठली?" तिनं विचारलं.

दिग्विजयनं वाकून तिच्यावरचा नंबर वाचला. "ट्रिपची. मुख्य ब्रेकर उघडणारी."

"ही भिजली तर ब्रेकर कुणी न सांगता उघडेल."

"ऑगस्टमध्ये उघडला होता," तो हळू म्हणाला. "दोनदा."

दीपमालानं तिथंच खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. तिच्या वहीत जुलै-ऑगस्टच्या नोंदीही होत्या. त्या दिवसांत अलार्म चार-चार दिवस सलग होता. पावसाळ्यात तो येतोच, असं म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. ते दोन दिवस कुठले, हे तिनं विचारलं. दिग्विजयनं फोनमध्ये बघून तारखा आणि वेळा सांगितल्या. पहिल्या वेळी ब्रेकर उघडण्याआधी तीन मिनिटं रिलेत अलार्मची नोंद होती, दुसऱ्या वेळी एक मिनिट.

"त्याचं कारण काय लिहिलं होतं तुम्ही?"

"पहिल्या वेळी लिहिलं, पक्षी बसला असावा." दिग्विजय डब्याकडं बघत होता. "दुसऱ्या वेळी वरच्यांना पक्षी चालला नाही. ड्यूटीवर बजरंग होता. त्याचा चुकून स्विचला हात लागला असणार असं ठरलं. तो नाही नाही म्हणत होता. त्याला काढलं आम्ही."

त्यानंतर दोघं बराच वेळ कामाचंच बोलले. जोड साफ केला, तडकलेली वायर बदलली, वसाहतीच्या गोदामातून नवी रबरी पट्टी आणि भोकाचं पॅकिंग मिळालं ते बसवलं. दुपारचे दोन वाजले. सगळं झाल्यावर दीपमालानं मुक्ताईला शोधून आणलं. "मावशी, पाणी उरलंय का टँकरचं?"

"हाय थोडं."

"मग या डब्यावर मारा. चांगलं पंधरा मिनिटं. वरून, बाजूनं, सगळीकडून."

मुक्ताईनं आधी दिग्विजयकडं पाहिलं, मग दीपमालाकडं. "आता मुद्दाम मारू?"

"मुद्दाम मारा."

मुक्ताईनं पदर खोचला आणि मन लावून पाणी मारलं. दीपमाला आत मीटरसमोर बसली. काटा साठवरून हलला नाही. भोंगाही गप्प राहिला.

मग ती अहवाल लिहायला बसली. दोष कुठं होता, काय बदललं, हे लिहून झालं. पाण्याबद्दल तिनं लिहिलं की, हा डबा पावसात उघड्यावर टिकावा असाच हवा. रोपांना पाणी घालणं हे दोषाचं कारण नसून दोष त्यामुळं फक्त दिसून आला. शेवटी तिनं लिहिलं, ‘ऑगस्टमध्ये मुख्य ब्रेकर दोनदा उघडला, त्या दोन्ही वेळांच्या लगेच आधी हाच अलार्म आल्याची नोंद रिलेत आहे. दोन्ही वेळा ब्रेकर याच दोषामुळं उघडला असण्याची शक्यता दाट आहे.’ खाली तारखा आणि मिनिटं.

दिग्विजयनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. दार लावून घेतलं.

"ताई, ही शेवटची ओळ गरजेची आहे का?" तो तिला पहिल्यांदाच ताई म्हणत होता. "तुम्हाला बोलावलं होतं आत्ताच्या अलार्मसाठी. तो सापडला. उत्तम. मी शेट्यांना फोन करून तुमचं नाव घेऊन सांगतो. ऑगस्टचं तुमच्या कामात येत नाही."

"रिलेत आहे ते माझ्या कामात येतं."

"माझी सही आहे त्या चौकशीवर."

दीपमालानं पेन खाली ठेवलं. तिला या माणसाची कीव आली. तो काम टाळणारा नव्हता. सकाळी स्विचपाशी तो स्वतः उभा राहिला होता. एका पावसाळी दिवशी त्याला कारण सापडलं नव्हतं आणि वरून कारण मागत होते, म्हणून त्यानं जवळ होता तो माणूस दिला.

"एकदा मीबी असं लिहिलं होतं, साहेब," ती म्हणाली. "आकडे एक सांगत होते अन् मी खाली दुसरंच लिहून मोकळी झाली. नंतर तो कागद मलाच दाखवला. आपल्याच अक्षरातला. लई वाईट वाटते. तुम्हाला हा कागद दाबायचा असंल तर दाबा, तुमच्या हातात आहे. पण मी ओळ काढणार नाही."

त्यानं सही केली नाही. "ठेवून जा," म्हणाला. ती तीन वाजता बाहेर पडली. परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली ती थेट पुणे स्टेशनला जाग आली.

पुढचे दहा दिवस काहीच कळलं नाही. मग शेट्यांनी तिला आत बोलावलं. दिग्विजयनं अहवाल वर पाठवला होता, शेवटच्या ओळीसकट, आणि वर स्वतःचं पत्र जोडलं होतं, की ऑगस्टच्या चौकशीतला निष्कर्ष चुकीचा होता आणि तो आपण काढला होता. तिथल्या वरिष्ठांना हे आवडलं नव्हतं. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या कंपनीकडं जाईल अशी चिन्हं होती.

"इतकं खोलात जायला कुणी सांगितलं होतं?" शेटे म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कासिमभाईंनी बिघडवलं तुम्हाला. जा, उद्या हडपसरला जायचंय. तिथला चार्जर सारखा ट्रिप होतोय."

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दीपमालाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"लांजेवार मॅडम का? मी बजरंग बोलतोय. उपकेंद्रावर होतो."

ती गॅलरीत आली. त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाव ऐकल्याबरोबर कळलं. त्यानं सांगितलं की वसाहतीतून पत्र आलंय. त्याच्यावर ठेवलेला ठपका मागं घेतला होता आणि परत यायचं असेल तर जागा आहे असं लिहिलं होतं. तो गेला नव्हता. तो आता एका मोठ्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपांवर होता, घरापासून जवळ. पण तिथं लागताना त्याला जुन्या नोकरीचं पत्र मागितलं होतं आणि त्याच्याकडं नव्हतं, म्हणून सहा महिने कच्च्यातच ठेवलं होतं.

"आता पत्र दाखवलं," तो म्हणाला. "परवा पक्कं केलं. जगदाळे साहेब स्वतः घरी आले होते पत्र घेऊन. चहा पण नाही घेतला. तुमचा नंबर त्यांनीच दिला."

"बरं झालं."

"मॅडम, एक विचारू? आपली ओळख ना पाळख. माझ्यासाठी कशाला एवढं केलं तुम्ही?"

दीपमालानं खोटं नम्र व्हायचा प्रयत्न केला नाही. "मी तुम्हाला धरून नव्हतं लिहिलं, भाऊ. मला तर तुमचं नावबी ओळ लिहिण्याच्या दोन-तीन तास आधी कळलं. तारखा जुळत होत्या, म्हणून लिहिलं."

"मी हात लावला नव्हता त्या स्विचला," बजरंग म्हणाला. "आमच्या घरात पण एक-दोघांना वाटायचं, लागला असेल चुकून. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की लागलाच असेल बहुतेक."

"नाही लागला," दीपमाला म्हणाली. "मिनिटं आहेत माझ्याकडं."

"वाचून दाखवता?"

ती आत गेली, कपाटावरून वही काढली आणि पान शोधून त्याला दोन्ही तारखा आणि दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. त्यानं त्या लिहून घेतल्या. एक वेळ नीट ऐकू आली नाही म्हणून ती त्यानं पुन्हा विचारली, आणि तिनं पुन्हा सांगितली.